कोबोल म्हणजे कोबोल!



आपल्या समूहावर बँकेच्या आठवणी बऱ्याच येतात. लेजर बॅलन्सिंग, वार्षिक क्लोजिंगच्या रात्री, बदल्या. आज मी संगणकाची आठवण लिहितो आहे. त्यात एक गोष्ट अशी आहे की ती मी बावीस वर्षं कुणाला सांगितली नव्हती.

मी मूळचा धारवाडचा, बी.कॉम. १९७३ साली कारकून म्हणून बँकेत लागलो, पुढे अधिकारी झालो. १९८४ च्या रंगराजन समितीनं सुचवलं होतं की शाखांत लेजर पोस्टिंग मशीन, विभागीय कचेरीत मिनी कॉम्प्युटर आणि मुख्य कचेरीत मेनफ्रेम असावा. त्या लाटेत माझी मुंबईला संगणक विभागात बदली झाली. प्रोग्राम लिहिणारी पोरं वेगळी, मी प्रशासन आणि खरेदी बघायचो.

१९९८ साली वाय-टू-केचं काम निघालं. वर्षाचे दोनच आकडे साठवलेले, त्यामुळे २००० साल उजाडलं की ‘००’ म्हणजे १९०० समजून व्याजाचा बोजवारा उडणार. कोबोलमधले शेकडो प्रोग्राम दुरुस्त करायचे होते. पण मेनफ्रेम दिवसभर रोजच्या कामात अडकलेला, आमच्या पोरांना रात्रीचे चार तास मिळत. म्हणून ठरलं, प्रोग्राम पीसीवर लिहायचे, तिथेच तपासायचे, आणि पक्के झाले की मेनफ्रेमवर चढवायचे. जगभर हीच पद्धत होती. मायक्रो फोकससारख्या कंपन्यांची खास त्यासाठीची सॉफ्टवेअर मिळत.

तीन कोटेशन्स आली. मी रिवाजाप्रमाणे तुलनात्मक तक्ता केला: किंमत, डिलिव्हरी, वार्षिक देखभाल. सर्वात स्वस्त आणि सर्वात महाग यांत जवळजवळ तिपटीचा फरक. फाईल साहेबांकडे जायच्या आधी विभागातला एक तरुण सहकारी माझ्या टेबलापाशी आला. म्हणाला, “सर, स्वस्तवाल्यात अक्षरांचा क्रम मेनफ्रेमसारखा लावता येतो का, ते विचारायला हवं.”

मी म्हटलं, “अहो, कोबोल म्हणजे कोबोल. दोन्हीकडे भाषा एकच ना?”

तो गप्प बसला. मी स्वस्त घेतलं.

आता तो काय विचारत होता ते सांगतो. संगणक प्रत्येक अक्षराला एक नंबर देतो. पीसीची पद्धत ॲस्की. तिच्यात आधी ० ते ९, मग ए ते झेड. आमच्या मेनफ्रेमची पद्धत एब्सिडिक. तिच्यात उलटं, आधी अक्षरं आणि शेवटी आकडे. म्हणजे पीसीला विचारलं, ‘ए मोठा की ९?’ तर तो सांगणार ए. मेनफ्रेम सांगणार ९. प्रोग्राम तोच, उत्तर वेगळं. महाग सॉफ्टवेअरमध्ये एक सेटिंग केलं की पीसी मेनफ्रेमसारखा वागे. आमच्यात ती सोय नव्हती.

आमच्याकडे शाखांचे क्रमांक आकड्यानं सुरू होत, विस्तार कक्षांचे, म्हणजे एक्स्टेन्शन काउंटरचे, अक्षरानं. दुरुस्ती करताना कुणीतरी एक अट घातली: पहिलं अक्षर ९ पेक्षा मोठं असेल तर तो विस्तार कक्ष समजावा आणि त्याची बाकी मूळ शाखेत मिळवावी. पीसीवर सगळं बरोबर आलं. सप्टेंबरच्या अर्धवार्षिक क्लोजिंगला तोच प्रोग्राम मेनफ्रेमवर चालवला, तर ती अट एकदाही खरी ठरली नाही. एकाही विस्तार कक्षाची बाकी शाखेत आली नाही. दोन रात्री आम्ही हातानं आकडे जुळवत बसलो.

चौकशी झाली. ती अट कुणी लिहिली ते कळलं नाही, पण चाचणीच्या कागदावर सही त्या तरुणाची होती. त्याला खुलासा मागणारा मेमो गेला. त्यानं लिहून दिलं की पीसीवर चाचणी बरोबर होती. मी आधीच विचारलं होतं, असं त्यानं लिहिलं नाही. मीही बोललो नाही. त्या वर्षीच्या प्रमोशनच्या यादीत त्याचं नाव नव्हतं.

निवृत्तीनंतर मी धारवाडला परतलो. माझ्या भाच्याचा बेलूर औद्योगिक वसाहतीत सुट्या भागांचा छोटा कारखाना आहे. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये मशीनं बंद. त्याचा मुलगा, तोही बी.कॉम., पुण्याची नोकरी सुटून घरी बसलेला. त्याच एप्रिलमध्ये अमेरिकेत न्यू जर्सीच्या गव्हर्नरनी कोबोल येणारी माणसं हवीत असं जाहीर आवाहन केल्याची बातमी आली. बेकारभत्त्याचे अर्ज इतके वाढले की जुन्या मेनफ्रेमला झेपेनात. पोरगा म्हणाला, “आजोबा, तुम्ही हे केलंय ना? मी शिकू का?”

निर्बंध जरा सैल झाल्यावर आम्ही कारखान्याच्या ऑफिसात बसू लागलो. तिथे पीसी, यूपीएस, ब्रॉडबँड सगळं होतं. पुन्हा तोच प्रश्न: पीसीवर कुठलं सॉफ्टवेअर घ्यायचं? पुन्हा मी तक्ता केला. या वेळी किमतीचा रकाना शेवटी ठेवला.

पहिलं, ग्नू-कोबोल. फुकट, साध्या लॅपटॉपवर चालतं, भाषा शिकायला उत्तम. प्रोग्राममध्ये एब्सिडिकचा क्रम मागताही येतो, पण तो मागायचा असतो हे माहीत पाहिजे. दुसरं, हर्क्युलिस. रॉजर बाउलर यांनी १९९९ च्या सुमारास केलेलं हे सॉफ्टवेअर पीसीवर अख्ख्या मेनफ्रेमची नक्कल उभी करतं, तेही फुकट. पण त्यावर मोकळेपणी चालवता येणारी एमव्हीएस ३.८ ही प्रणाली चाळीस वर्षं जुनी, तिचा कोबोलही जुना. जेसीएल, म्हणजे मेनफ्रेमला काम सांगायची भाषा, मात्र त्यावर छान शिकता येते. तिसरं, मायक्रो फोकस आणि आयबीएम यांची व्यावसायिक सॉफ्टवेअर. सर्वात जवळचं, पण किंमत कंपन्यांना परवडणारी. चौथं, त्याच एप्रिलमध्ये आयबीएम आणि ओपन मेनफ्रेम प्रोजेक्टनं सुरू केलेला फुकट कोबोल कोर्स. पीसीवर व्हीएस कोडमध्ये प्रोग्राम लिहायचा आणि तो दूरवरच्या खऱ्या मेनफ्रेमवर चालवायचा.

आम्ही ठरवलं: भाषेचा सराव ग्नू-कोबोलवर, खरी परीक्षा त्या कोर्सच्या मेनफ्रेमवर. पोराला मी तीन प्रश्न पाठ करायला लावले. अक्षरांचा क्रम कुठला? एका बाइटमध्ये दोन आकडे भरलेल्या रकमा, ज्याला कॉम्प-३ म्हणतात, त्या फाईल आणताना अक्षरं समजून बिघडत तर नाहीत? आणि शेवटी हा प्रोग्राम कुठे चालणार?

त्यानं विचारलं, “आजोबा, तुम्हाला हे कसं कळलं?” मग मी सगळं सांगितलं. तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, “तुम्ही त्यांना नंतर सांगितलंत का?”

सांगितलं नव्हतं.

नंबर जुन्या सहकाऱ्यांकडून मिळाला. फोन केला. म्हटलं, “त्या वेळी तुम्ही विचारलं होतंत, मी ऐकलं नाही. आणि चौकशीत मी गप्प बसलो. चूक माझी होती.”

पलीकडून बराच वेळ आवाज नाही. मग तो म्हणाला, “सर, माझ्या बायकोला हे तेव्हा ऐकायचं होतं. ती आता नाही.” मला काही बोलता येईना. थोड्या वेळानं त्यानंच विचारलं, “मुलगा कुठलं सॉफ्टवेअर वापरतोय?” मी सांगितलं. “बरोबर आहे,” म्हणाला.

पुढे सहा-सात महिने दर रविवारी तो माझ्या नातवाचे प्रोग्राम तपासून द्यायचा. झालं ते विसरलो असं मात्र तो कधी म्हणाला नाही, आणि मीही विचारलं नाही. नातू आता पुण्यात मेनफ्रेमवरच काम करतो.

मंडळी, आपल्यापैकी अनेकांनी तुलनात्मक तक्ते केले असतील. तक्त्यात न बसणारा प्रश्न घेऊन एखादा ज्युनिअर टेबलापाशी आला, तर त्याला बसायला खुर्ची द्या. आणि तुमचाही असा एखादा फोन करायचा राहिला असेल, तर लवकर करा. मला उशीर झाला.