वाळवंटातले कांस्यपदक

२०२५ सालच्या जून महिन्याचा पहिला आठवडा संपत आला होता आणि आमच्या पलसाण्यात उकाड्याने जीव हैराण झाला होता. अशा समयी भारताच्या मुलींनी बर्फावरील हॉकीत आशियाई चषकाचे कांस्यपदक मिळविल्याची वार्ता आली, तेव्हा खरे सांगावयाचे तर आम्हांस हसूच आले. बर्फ ही आमच्या लेखी सरबतात घालावयाची वस्तू! त्यावरून पोलादी पात्यांचे बूट घालून धावणाऱ्या मुली आपल्या देशात आहेत, हेच मुळी आम्हांस ठाऊक नव्हते.

वृत्तान्त वाचू लागलो तसे हसू ओसरले. संघातील बहुतेक मुली लडाखच्या. तेथे तळी गोठली की खेळावयाचे. हंगाम जेमतेम दोन महिन्यांचा. आरंभी बूट व काठ्याही उसन्या. २०१६ साली तैपेई येथे प्रथमच परदेशी खेळावयास जाण्यासाठी लोकांकडून वर्गणी गोळा करावी लागली, आणि तेथे पदरी पराभवच आला. पुढल्या वर्षी बँकॉकला त्यांनी फिलिपाईन्सला ४-३ असे नमविले. तो त्यांचा पहिला विजय. आणि आता हे पदक, तेही अरब अमिरातीतील अल ऐन या वाळवंटी नगरात, यंत्राने गोठविलेल्या बर्फावर!

हरून परतलेल्या मुलींना आईबापांनी पुन्हा धाडले, या एका गोष्टीपाशी आम्ही अडखळलो. मागल्या हिवाळ्यात आमच्या धाकट्या कन्येने कबड्डीच्या संघासाठी संमतिपत्र आणले होते. सामने बारडोलीस, दोन दिवसांचा मुक्काम. 'मुलीच्या जातीने गुडघे फोडून काय मिळवावयाचे?' असे म्हणून आम्ही तो कागद कपाटात ठेवून दिला. ती रडली नाही. रडली असती तर कदाचित आम्ही विरघळलोही असतो.

त्या रात्री जेवणे आटोपल्यावर आम्ही तो कागद शोधून काढला, सही केली आणि तिच्यापुढे ठेविला. तिने तो वाचला. "बाबा, हे सामने डिसेंबरातच होऊन गेले," असे म्हणून ती हसली. तिच्या आईने आमच्याकडे पाहिले. ते मात्र हसून नव्हे.

शाळा उघडल्यावर नवा कागद आला. या खेपेस तो कपाटापर्यंत गेला नाही. कडोदऱ्याच्या बाजारातून गुडघ्यांस बांधावयाच्या पट्ट्याही आम्ही आणिल्या. संघात तिची निवड होते की नाही, देव जाणे. सायंकाळी ती धुळीने माखून घरी येते आणि माठातले पाणी उभ्याउभ्याच पिते.