मिसिंग

"गाडी मिसिंग करतेय" हे वाक्य तुम्ही गॅरेजमध्ये कधी ना कधी ऐकलं असेलच. म्हणजे नेमकं काय? तर एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल आणि हवा पोचतात, पण त्यांचा भडका नीट होत नाही. १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि आपल्याकडे तीन सिलिंडरच्या छोट्या गाड्या घरोघर झाल्या. तिघांतला एक रुसला की एक तृतीयांश ताकद गेली!

बाबांची गाडी अशीच, तीन सिलिंडरची, १४ वर्षं जुनी. पळताना एकदम झकास. पण सिग्नलला थांबली की थरथरायची, आणि मधेच बंद. सात रस्त्याला दोनदा बंद पडली, मागून हॉर्नचा कल्ला. तेव्हापासून बाबांनी गाडी काढणंच सोडलं. आईच्या गुडघ्यांमुळे तिला रिक्षात चढणं जमत नाही, त्यामुळे तिची फिजिओथेरपीही बंद. एका गॅरेजमध्ये प्लग बदलून, थ्रॉटल बॉडी साफ करून झाली होती. आता म्हणे इंजिन उतरवावं लागेल. बाबा म्हणाले, "विकून टाकू रे." मी म्हटलं, "बाबा, हा शनिवार-रविवार मला द्या."

शुक्रवारी हुतात्माने सोलापूरला आलो. चेक इंजिनचा दिवा लागलेला नव्हता, म्हणजे तिथून काही सुगावा नाही! मग आपला नेहमीचा मार्ग: एकेक भाग वेगळा काढून बघायचा.

पहिली चाचणी. इंजिन स्लोवर ठेवून एकेका इंजेक्टरचा कनेक्टर काढायचा. (प्लगची वायर ओढू नका, शॉक बसतो आणि न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरकडच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जातं.) एक नंबरचा काढला, इंजिन पडलं. तीनचा काढला, तसंच. दोनचा काढला तर फारसा फरकच नाही. चोर सापडला!

दुसरी चाचणी. इंजिन थंड झाल्यावर दोनचा प्लग तीनमध्ये आणि तीनचा दोनमध्ये. दोष प्लगबरोबर सरकला असता तर प्लग खराब. तो दोनमध्येच राहिला. कॉइलचं आणि इंजेक्टरच्या वायरिंगचं तपासलं, ठीक होतं. कॉम्प्रेशनही बाकी दोघांइतकंच, म्हणजे इंजिन उतरवायची गरज नाही.

आता विचार करा, त्रास फक्त स्लोवरच का? तेव्हा थ्रॉटल जवळजवळ बंद असतो. पिस्टन हवा ओढत राहतात, त्यामुळे मॅनिफोल्डमधला दाब बाहेरच्या साधारण एक तृतीयांशावर येतो. तिथे कुठे फट असेल तर बाहेरची हवा जोरात आत घुसते. त्या वेळी इंजिनाला हवा लागते थोडीशीच, म्हणून तेवढी आगंतुक हवाही मिश्रण बिघडवते. एक भाग पेट्रोलला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा, हा हिशोब त्या सिलिंडरपुरता चुकतो. रेस दिली की थ्रॉटल उघडतो, दाबातला फरक घटतो, आणि ती फट खिजगणतीत राहत नाही.

मग सिरिंजने दोन नंबरच्या इंजेक्टरच्या बुडाशी पाण्याचे चार थेंब सोडले. इंजिन क्षणभर सुरळीत झालं! पाण्याने फट बुजली होती. इंजेक्टर मॅनिफोल्डमध्ये बसतो तिथली रबरी रिंग कडक होऊन चिरली होती. १९८६ साली चॅलेंजर यान नष्ट झालं, त्यामागेही थंडीने ताठरलेली ओ-रिंगच होती. इथे थंडी कसली! १४ वर्षं इंजिनाच्या उष्णतेत रबर भाजत होतं, वर सोलापूरचा उन्हाळा.

पेट्रोलच्या लाइनमध्ये सुमारे ३ बार दाब असतो, म्हणून हे काम ओळखीच्या मेकॅनिककडूनच करून घेतलं. त्यांनी पंपाचा फ्यूज काढून आधी दाब उतरवला. तिन्ही इंजेक्टरच्या रिंगा बदलल्या. मजुरी धरून साडेसहाशे रुपये.

बाबा होटगी रोडला एकटेच एक चक्कर मारून आले. आल्यावर काही बोलले नाहीत, फक्त आईला विचारलं, "मंगळवारी किती वाजता जायचंय?"

असो. तुमच्याही गाडीला असं होत असेल तर सुटे भाग बदलायच्या आधी मेकॅनिकला एवढंच विचारा: तिन्ही सिलिंडर अडखळतायत, की एकच? तिन्ही असतील तर थ्रॉटल, पेट्रोलचा दाब, सामायिक हवेचे पाइप बघा. एकच असेल तर त्या एकाच्याच आसपास शोधा.