डोंगराचे देणे

रत्नागिरीची भूमी सायकलस्वारास फार वेळ सुखाने बसू देत नाही. मांडवीच्या किनाऱ्याजवळ सायकल समुद्राच्या वाऱ्यात आपल्याच नादात धावत असते. पण गावातून मारुती मंदिराकडे वळले, की रस्ता चढू लागतो आणि पॅडल जड होते. भाट्याचा पूल ओलांडून पावसला जावे, तर वाटेत गोळपचा सडा उभा! खाली खाडी, वर जांभ्या दगडाचा सडा आणि दोहोंना जोडणारी चढण, असा हा मुलूख आहे. येथे नुसता तोल सांभाळता आला म्हणजे सायकल आली असे होत नाही. चढ चढणे हा त्या विद्येचा अर्धा भाग होय.

नवशिका स्वार चढ दिसताच सारे बळ एकवटून त्यावर धाव घेतो. थोडे अंतर तो बाणासारखा जातो. मग छाती भात्यासारखी फुलते, मांड्या भरून येतात आणि अर्ध्या चढावर पाय टेकावा लागतो. इतक्यात मागून एखादा वयस्क पाववाला भरलेली पाटी घेऊन संथपणे येतो आणि तसाच पुढे निघून जातो. वय त्याचे अधिक, ओझे अधिक. तरी चढ त्यालाच साधतो. असे का व्हावे?

डोंगर हा मोठा कडक सावकार आहे. उंचीचे देणे तो एका पैचीही सूट न देता वसूल करतो. मात्र ते किती हप्त्यांनी फेडावे, हे तो ऋणकोवर सोपवितो. स्वार व सायकल मिळून ८० किलोग्रॅम भार आहे असे समजा. २० मीटर गेल्यावर १ मीटर उंच होणाऱ्या रस्त्यावर या भाराचा विसावा हिस्सा, म्हणजे ४ किलोग्रॅमचे ओझे, स्वाराला मागे ओढीत असते. चढ दुपटीने उभा झाला, की ही ओढही दुप्पट होते. कोकणातली पाखाडी थेट वर जाते व माणसाचा दम काढते. गाडीरस्ता लांबून जातो, पण ओझे पेलू देतो. साखरप्याहून कोल्हापूरकडे जाणारा रस्ता आंबा घाटात वळणे घेतो, तो काही हौसेखातर नव्हे.

सायकलचे गिअरही हप्ते बांधून देण्याचेच काम करतात. पुढच्या दातेरी चक्राला ४८ व मागच्याला १६ दाते असतील, तर पॅडलच्या एका फेऱ्यात मागचे चाक तीनदा फिरते. साखळी मागे २४ दात्यांच्या चक्रावर नेली, तर ते दोनदाच फिरते. अंतर कमी कापले जाते, पण पायांवरचा भारही तेवढाच हलका होतो. फ्रान्समधील प्रख्यात सायकल शर्यतीत असे गिअर वापरण्याची परवानगी स्वारांना १९३७ साली मिळाली. त्यापूर्वी चढ आला, की ते खाली उतरत आणि मागचे चाक काढून उलटे बसवीत. कारण त्याच्या दोन बाजूंना कमीअधिक दात्यांची चक्रे असत!

गिअर चढाच्या पायथ्याशीच बदलावा; साखळीवर ताण आल्यावर ती कुरकुरते. बैठकीवर स्थिर बसावे, हात सैल ठेवावे आणि पाय एका लयीत फिरवावे. सोबत्याशी एखादे वाक्य बोलता येईल, इतकाच वेग धरावा. उभे राहून पॅडल मारणे हे अगदी उभ्या टप्प्यापुरतेच. पावसाळ्यात शेवाळलेल्या रस्त्यावर तेही टाळावे, कारण मागच्या चाकावरील भार कमी होऊन ते घसरते. गिअर नसलेली सायकल दमवू लागली, तर खुशाल उतरून ती हाती धरून चालावे. त्यात कमीपणा कसला? पायी फेडलेला हप्ताही हप्ताच होय.

नाशिकचे डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ साली अमेरिका खंड एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत ओलांडण्याची शर्यत पुरी केली. सुमारे ४८०० किलोमीटरांची ती वाट रॉकी पर्वतावरून जाते. एक भाऊ सायकल चालवी, तेव्हा दुसरा विसावा घेई. इतका मोठा पल्लाही त्यांनी असा वाटून घेऊनच गाठला.

सड्याच्या माथ्यावर पोहोचलेल्या मुलामुलींना दूरवर समुद्र दिसतो आणि घामेजल्या कपाळावर वारा येतो. पायथ्याशी घाई करणाऱ्याच्या वाट्याला हे सुख क्वचितच येते. जे आपले बळ ओळखून ते जपून वेचतात, त्यांचे देणे माथ्यावर फिटलेले असते. आणि पुढचा उतार, ब्रेकवर बोटे ठेवून, त्यांनी निश्चिंत मनाने उपभोगावा.