लव्हाळ्याची गाठ

लव्हाळा मी पुस्तकात शिकलो नाही. तळ्याच्या काठावर ताटकळत शिकलो.

गावचं तळं. वरच्या अंगाला पायऱ्या. तिथं त्यांच्या बायका, त्यांच्या म्हशी. खालच्या अंगाला पाणी झिरपून चिखल व्हायचा, तिथं आमची जागा. कुणी तरी वरून कळशी ओतंल म्हणून आज्जी घागर घेऊन बसायची. तास तास. मी करणार काय? गवत बघायचो. आज्जी दांडी तोडून हातात द्यायची. "फिरीव बोटात. तीन कडा लागल्या तर लव्हाळा. गोल लागून पेरं आली तर गवत." आज पुस्तकंही बहुतेक हेच सांगतात, मोठ्या शब्दांत.

शाळेत गुरुजींनी तुकोबांचा लव्हाळ्याचा अभंग शिकवला. पुरात झाडं जातात, लव्हाळा वाचतो. सांगताना नजर आमच्या कोपऱ्याकडं. वाकून राहावं, नम्र असावं. तुकोबांशी माझं भांडण नाही. बाबासाहेबांनी १९२० साली 'मूकनायक' काढला, त्याच्या माथ्यावर तुकोबांचाच अभंग होता. भांडण गुरुजींशी. त्यांनी लव्हाळा कधी उपटून बघितलाच नव्हता. दांडी वाकती, खरंय. पण खाली काळ्या गाठी असतात. एकीतून दुसरी, दुसरीतून तिसरी, सुतळीत ओवल्यासारख्या. उपटलं की दांडी हातात येते, गाठ जमिनीतच. १९७२ च्या दुष्काळात आमचं तळं तडकलं, काठ करपला. पुढच्या पावसाला पहिलं हिरवं आलं ते लव्हाळ्याचं. तिथं पूरही नव्हता आणि वाकणंही नव्हतं.

(याच गाठी वाळवून दिवाळीच्या उटण्यात घालतात. मोथा म्हणतात. आमच्या चिखलातली गाठ त्यांच्या अंगाला चालती.)

आता शहरात बागकाम करतो, कंत्राटदाराच्या हाताखाली. मागं एका सोसायटीत शोभेचं तळं केलं. साहेबांना सगळं देशी पाहिजे. आधीचं छत्रीगवत आफ्रिकेकडचं म्हणून काढायला लावलं. मग काठाला लव्हाळा, पाण्यात पाणकणीस, बांधावर वाळा. मी म्हटलं, पाणकणीस कुंडीसकट बुडवा; मोकळं सोडलं तर तळं खाऊन टाकतं. वाळ्याची मुळं पुरुषभर खोल जातात, बांधाची माती धरतात. साहेबांनी विचारलं, यानं पाणी खरंच स्वच्छ होतं? होतं. पाणकणसाच्या पोकळ पानांतून हवा मुळापर्यंत उतरते, तिथं बारीक जीव जगतात, ते घाण खातात. उरलेली झाड ओढून घेतं. पण वर्षाला कापून बाहेर टाकावं लागतं. नाहीतर कुजून घाण परत पाण्यात.

"कुठं शिकलात हे?"

मी गप्प. काय सांगणार?

त्या दिवशी डोक्यात चवदार तळं होतं. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब तिथलं पाणी प्याले. मग सनातन्यांनी १०८ घागरी शेण, गोमूत्र, दूध, दही घालून तळं 'शुद्ध' केलं! मित्रांनो, बागेत काम करणाऱ्या कुणालाही विचारा, तळ्यात शेण आणि दूध ओतलं की काय होतं. शेवाळ माजतं, पाण्याला वास मारतो, मासे वर येतात. शुद्ध करण्याची ही अक्कल, आणि विटाळ आमचा. हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूनं लागला १९३७ ला. दहा वर्षं एका ओंजळीसाठी.

सोसायटीचं तळं आता बरं आहे. पाणी नितळ झालंय. पण लव्हाळा काठावर थांबंना, फरशीच्या फटींतून वर आला. बायामाणसांची तक्रार झाली. कंत्राटदार म्हणाला, गाठीसकट काढ. म्हटलं, त्याला फूटभर खणावं लागतं. आधी फरशी उचला.

फरशी कोण उचलतंय! त्यानं विळा दिला. मी वरचं कापलं आणि हजेरी लावून घरी आलो.