विष्णुपूरचा लिलाव

बंगालच्या लोकस्मृतीत मराठे राहिले आहेत ते ‘बर्गी’ या नावाने. मराठीतील ‘बारगीर’ शब्दाचेच ते बंगाली रूप. बांकुडा जिल्ह्यातील विष्णुपूर येथे अशी आख्यायिका आहे की, १७४२ च्या सुमारास भास्कर पंडितांची फौज नगराच्या तटाला भिडली, तेव्हा मल्ल राजा गोपालसिंह याने युद्धाची सिद्धता करण्याऐवजी प्रजेला नामसंकीर्तन करावयास लावले, आणि मदनमोहन या कुलदैवताने स्वहस्ते ‘दलमादल’ तोफ डागून बर्गींना पिटाळून लावले. याच गोपालसिंहाने प्रजेवर रोजच्या नामजपाची सक्ती केली होती व लोक तिला ‘गोपालसिंहाची बेगार’ म्हणत, हेही तेथील लोक विसरलेले नाहीत. तोफ आजही चौथऱ्यावर आहे. मदनमोहनाचे १६९४ चे मंदिरही उभे आहे. मूळ मूर्ती मात्र, परंपरा सांगते त्याप्रमाणे, कलकत्त्यात बागबाजारला आहे.

ती तेथे गेली ती गहाण म्हणून. बर्गींच्या स्वाऱ्या, १७७० चा दुष्काळ, कंपनी सरकारचा चढता सारा आणि चैतन्यसिंह व त्याचा भाऊबंद दामोदरसिंह यांच्यातील गादीचा कज्जा यांनी मल्ल घराणे पोखरून निघाले. चैतन्यसिंहाने मदनमोहनाला मिठाच्या व्यापारात धनाढ्य झालेल्या गोकुळचंद्र मित्रांकडे लाख रुपयांस गहाण ठेवले, असे सांगतात. पुढे राजाने रक्कम फेडू म्हटले, तेव्हा मित्रांनी हुबेहूब दुसरी मूर्ती घडवून तीच परत केली, असाही या कथेचा शेवट आहे.

अशा घराण्यावर १७९३ चा कायमधारा आला. वसुलाच्या अकरा भागांपैकी दहा सरकारचे व एक जमीनदाराचा, हे त्याचे सर्वसाधारण प्रमाण. नेमल्या दिवशी सूर्य मावळण्यापूर्वी हप्ता भरला नाही, तर जमीनदारी विक्रीस निघे. बंगालीत या नियमाला ‘सूर्यास्त आईन’ म्हणतात. पाऊस पडला की नाही, याची चौकशी त्यात नव्हती. विक्रीला बंगालीत शब्द आहे ‘निलाम’, मराठीत ‘लिलाव’. दोन्ही एकाच पोर्तुगीज शब्दाची अपत्ये. नाटोर, नदिया, दिनाजपूर ही मोठी घराणी या लिलावांत तुकड्यातुकड्यांनी झिजली. बर्दवानच्या राजाने आपली जबाबदारी पत्तनीदारांवर वाटून जीव वाचविला, आणि १८१९ च्या कायद्याने त्या युक्तीला सरकारी मान्यताही मिळाली. विष्णुपूरला ती युक्ती साधली नाही. १८०६ साली थकलेल्या साऱ्यापोटी ही जमीनदारी विकली गेली, आणि घेणारा होता बर्दवानचाच महाराजा.

विकले काय गेले, हा प्रश्न येथे विचारावयास हवा. माती जेथल्या तेथे होती, नांगर धरणारा हातही बहुधा तोच होता. विकला गेला तो वसुलाचा हक्क. परंतु लिलावात घेणाऱ्याला पूर्वीचे अनेक करार मोडण्याची मुभा असे, आणि राखणीच्या मोबदल्यात जमिनी उपभोगणारे घाटवाल व पाइक यांच्या पायाखालची वाळू तेथेच सरकली. शेजारच्या मेदिनीपूर भागात १७९८–९९ मध्ये उसळलेल्या चुआड बंडामागे, पाइकांच्या जमिनी काढून घेतल्याचा संताप होता. खरेदीदार पुष्कळदा कलकत्त्याचा व्यापारी नाहीतर जमीनदाराचाच कारकून असे. कित्येकदा जुना धनीच परक्या नावाने बोली लावी. रयतेच्या वाट्याला आलेल्या परिणामांचा हिशेब बंकिमचंद्रांनी पुढे ‘बंगदर्शना’त मांडला, १८७२ पासूनच्या त्या लेखांत कायमधाऱ्यावर त्यांचा स्पष्ट ठपका आहे.

विष्णुपूरच्या लोककथेत मात्र १८०६ ला स्थान नाही. बर्गींच्या स्वारीला तोफ मिळाली, देव मिळाला. कचेरीतल्या बोलीला काहीच मिळाले नाही. त्या बोलीत शत्रू कोठे होता, ज्याच्यावर देवाने तोफ डागावी? म्हणून लोकांनी राज्य गेल्याचे दुःख देव गेल्याच्या गोष्टीत ठेवले असावे. कालक्रम पाहता गहाण आधी आणि लिलाव नंतर; कथेत त्यांचे कारण एकच होऊन बसते. देव गेला, म्हणून राज्य गेले. इतिहासकाराला हे अमान्य होईल, पण ज्यांनी हे सांगितले त्यांनी सूर्यास्ताची ती कलमे कधी वाचली नव्हती.

बागबाजारातील त्या भागाला मदनमोहनतला म्हणतात, आणि मित्रांच्या ठाकूरवाडीत मदनमोहनाची नित्यपूजा चालते.