पुलावरून सोडलेली चित्रे



भाचीच्या पत्रातील प्रश्न एका ओळीचा आहे: चित्रकला रीतसर शिकण्यासाठी नागपुरात कोणता वर्ग बरा. परंतु त्याच पत्राच्या समासात, किराण्याचा हिशेब टिपावा तितक्या सहजपणे, आई, म्हणजे मामाची आक्का, गेल्यापासून काढलेली सारी चित्रे ‘हात बसलेला नाही’ म्हणून वैनगंगेच्या पुलावरून खाली सोडल्याचे लिहिले आहे, आणि मामाचे लक्ष त्या समासातून अजून निघालेले नाही.

हात बसणे ही परीक्षेची भाषा आहे, आणि परीक्षा येथे कोणी ठेवलेली नव्हती. चित्र काढता काढता मनावरचा ताण उतरवण्याच्या पद्धतीला कलोपचार म्हणतात; ही संज्ञा १९४२ मध्ये एड्रियन हिल या इंग्रज चित्रकाराने रूढ केली, आणि तीही क्षयाच्या आरोग्यधामात पडल्या पडल्या चित्रे काढताना स्वतःला जे उमगले त्यावरून. अमेरिकेत गिरिजा कैमल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ३९ प्रौढांना ४५ मिनिटे माती, रंग आणि कागदाचे कपटे घेऊन हवे ते करू दिले, तेव्हा सुमारे ७५ टक्के लोकांच्या लाळेतील कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाबरोबर शरीरात वाढणारे संप्रेरक, कमी झालेले आढळले. आणि पूर्वी चित्रकला केलेल्यांत व न केलेल्यांत या बाबतीत म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. ज्याचा हात बसलेला नाही त्यालाही उतार पडतो, एवढे तरी भाचीने यातून घ्यावे. उरलेल्या चौथ्या हिश्श्याचे काय, हे तिने विचारले नाही, तरी त्याचीच टोचणी अधिक आहे.

पवनीत राहणाऱ्या मुलीला हे परदेशातून आणून सांगावे लागावे, याचे थोडे वाईट वाटते. महाक्षत्रप कुमार रूपिअम्माचे नाव कोरलेला जो दगड त्याच गावी सापडला, त्याला अभ्यासक छायास्तंभ म्हणतात. छायास्तंभ म्हणजे गेलेल्या माणसाच्या स्मरणार्थ उभा केलेला खांब. त्यावरची अक्षरे सुबक आहेत की नाहीत, याचा निवाडा करून तो कोणी नदीत लोटला नाही. शोक एकदा आपल्याबाहेर उभा केला की त्याच्याभोवती फिरता येते, काही दिवस त्याच्याकडे पाठ करता येते आणि पुन्हा जाऊन त्याला पाहता येते. म्हणून चित्र काढण्याइतकेच ते ठेवणे महत्त्वाचे आहे. कलोपचार करणारेही रुग्णाची चित्रे क्रमाने जपून ठेवतात आणि पुढे त्याच्याबरोबर बसून पुन्हा पाहतात, कारण काय हलले ते एका चित्रात दिसत नाही. मात्र काळा रंग म्हणजे निराशा आणि पिवळा म्हणजे आनंद असा कोष्टकी अर्थ लावणाऱ्या शहाण्यांना चित्रांच्या जवळ फिरकू देऊ नये. भाचीच्या शेजारघरात असे एक शहाणपण नांदते, हे मामाच्या स्मरणात आहे.

पत्राच्या घडीत एक कागद बहुधा चुकून आला आहे. आक्का दर आषाढी अमावास्येला देव्हाऱ्याशेजारी खळीने चिकटवीत असे, त्या जिवतीच्या कागदासारख्या त्यावर चौकटी आखल्या आहेत; नरसिंह आहे, कालियाच्या फण्यावरचा कृष्ण आहे, खाली बुध-बृहस्पतीही आहेत, पण जिथे जरा-जिवंतिका मुले खेळवीत बसलेल्या असतात तिथे नुसता रिकामा पाळणा आहे आणि त्याच्या दोरीवर कोळशाने माखलेल्या अंगठ्याचा ठसा उमटला आहे. या कागदात सुधारण्यासारखे काही नाही. तो परत पाठवला जाणार नाही, कारण भाचीवर याबाबत विश्वास उरलेला नाही.

तरीही चित्र काढणारा माणूस सावरतोच, असे कोणी समजू नये. मंडल्याकडील पाटनगढचा जनगढसिंह श्याम, ज्याच्या चित्रांमुळे गोंडांची कला देशोदेशी पोचली, त्याने २००१ मध्ये जपानमध्ये असताना आपले आयुष्य संपवले. त्याचा हात तर उत्तम बसलेला होता. हे उदाहरण लिहिताना लेखणी अडखळली, परंतु ‘रात्री झोप लागत नाही’ हे वाक्य आणि तो पूल एकाच पत्रात आले आहेत. पुलावर भाची किती वाजता गेली होती, आणि सोबत कोण होते? हे पत्र मिळताच तिने जिल्हा रुग्णालयातील मनोविकारतज्ज्ञांना भेटावे, आणि मध्येच रात्र जड झाली तर टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर बोलावे. तेथे मराठीत बोलता येते आणि पैसे पडत नाहीत. चित्रे डॉक्टरांच्या जागी नाहीत, डॉक्टर चित्रांच्या जागी नाहीत.

मामा रविवारच्या पहिल्या एसटीने पवनीला येत आहे. स्वयंपाकाचा घाट घालू नये. कोळसा आणि जाड कागद सोबत आणला जाईल, आणि चित्रे ठेवण्यासाठी आक्काची पत्र्याची पेटी तेवढी माळ्यावरून काढून ठेवावी. नागपूरच्या वर्गाचे राहूनच गेले.