चुन्याचा हात

ईयाच्या गल्लीत भर दुपारी उजेड नुसता वरून पडत नाही. भिंतींवरून, पायऱ्यांवरून, पायाखालूनही येतो. सॅन्टोरिनी बेटाच्या उत्तर टोकाला उंच कड्याला हे ग्रीक गाव बिलगलं आहे. खाली जे गर्द निळं पाणी दिसतं, ती ज्वालामुखीची खोल कढई आहे. साडेतीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी प्रचंड उद्रेक झाला, बेटाचा मधला भाग खचला आणि तिथे समुद्र पसरला.

त्याच उद्रेकाच्या राखेत माणसांनी घरं कोरली. दर्शनी भिंत अरुंद. मधे दार, दोन्ही बाजूंना खिडक्या, दारावर आणखी एक छोटा झरोका. एवढ्यातूनच आतल्या खोल, कमानदार खोलीत उजेड जायचा. खलाशी अशा घरांत राहायचे, कप्तानांचे वाडे वरच्या अंगाला. एका कठड्यावरून मी बोटं फिरवली. चुन्याचे इतके हात बसले होते की धारदार कोपरा उरलाच नव्हता, दगडाला गोलाई आली होती. कडेचा पोपडा सुटला होता, त्यात पापुद्र्याखाली पापुद्रा. किती वर्षं, किती हात!

या पांढऱ्या रंगाला लोक शोभा म्हणतात. मला त्यात तहान दिसते. बेटावर नदी नाही. हिवाळी पावसाचं पाणी छपरांवरून, अंगणांवरून खालच्या टाक्यांत उतरवायचं आणि उन्हाळाभर पुरवायचं. चुना उन्हाला परतवायचा आणि पाणीही स्वच्छ ठेवायचा. थेंब थेंब जपणाऱ्या अशा अंगणांत आता हॉटेलांचे पोहण्याचे हौद आहेत, ते पाहून जीव खरोखर तुटतो.

तरी हॉटेलांना सरसकट बोल लावणंही मनाला पटत नाही. 9 जुलै 1956च्या भूकंपात ईयातली कितीतरी घरं कोसळली, माणसं गाव सोडून गेली. पुढे 1970च्या दशकात सरकारी पर्यटन संस्थेने पडकी घरं सावरून पाहुण्यांसाठी उघडायला घेतली, तेव्हा कुठे या भिंतींना पुन्हा चुना लागला. 2025च्या सुरुवातीला जमीन आठवडेच्या आठवडे हादरत राहिली, तेव्हाही हजारो लोक बोटींनी, विमानांनी अथेन्सकडे गेले. हादरे ओसरले तशी माणसं परतू लागली. ईस्टर तोंडावर आला होता, आणि या ग्रीक बेटांवर ईस्टरच्या आधी घराला पांढरा हात द्यायची रीत आहे.